शेतीसंरक्षणाची बंदूक: ऑनलाइन जाहिरात, बोली आणि कायदा



भात पोटरीत आला, मका दुधात भरला, भुईमुगाच्या आऱ्या जमिनीत उतरल्या की रानडुकरांच्या फेऱ्या सुरू होतात. विदर्भ-मराठवाड्यात तूर आणि हरभऱ्यात रोही घुसतात. चार महिने राबून उभे केलेले पीक एका रात्रीत लोळवलेले पाहिले की माणसाच्या डोक्यात पहिला विचार बंदुकीचाच येतो. त्यात हातात मोबाइल असतो. ‘बारा बोअर, डबल नळी, उत्तम स्थितीत, घरपोच, कागदपत्रांची कटकट नाही’ अशी जाहिरात समोर येते. खाली किंमत असते, किंवा ‘बोली लावा’ असे लिहिलेले असते.

दुसरी बाजूही आहे. कोकणात, घाटमाथ्यावर आणि गोव्यात कितीतरी घरांत आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरची ठासणीची बंदूक आहे. वडील गेले, मुलगा मुंबई-पुण्याला नोकरीला, शेत खंडाने दिलेले. गणपतीला गावी आल्यावर माळ्यावरची ती बंदूक दिसते आणि मुलगा म्हणतो, ‘फोटो काढून टाकतो नेटवर, जो जास्त देईल त्याला देऊन टाकू.’ त्याच्या मनात काही वाईट नसते. जुनी मोटारसायकल विकली तशी ही विकू, एवढाच हिशेब असतो.

या दोन्ही ठिकाणी शेतकरी फसतो किंवा अडकतो. म्हणून हा विषय आज सविस्तर घेतला आहे.

लिलावाची रीत आणि कायद्याची रीत

बाजार समितीतला लिलाव तुम्हाला नवा नाही. माल मांडला जातो, बोली लागते, शेवटची बोली ज्याची त्याचा माल. घेणारा कोण हे अगदी शेवटी कळते, आणि तो कोण आहे याच्याशी विकणाऱ्याला फारसे देणेघेणेही नसते. पैसे आले की काम झाले. ऑनलाइन बोलीच्या साइटही याच तत्त्वावर चालतात.

बंदुकीच्या बाबतीत कायदा नेमका उलट्या दिशेने चालतो. शस्त्र अधिनियम, १९५९ याच्या कलम ३ प्रमाणे बंदूक घेण्यासाठी आणि जवळ बाळगण्यासाठी परवाना लागतो. कलम ५ प्रमाणे शस्त्रांच्या विक्रीसाठीही परवाना लागतो. या कलमात फक्त ‘विकणे’ हा शब्द नाही, विक्रीसाठी मांडणे आणि देऊ करणे हेही त्यात येते. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगलेली बंदूक विकू इच्छिणाऱ्या खासगी परवानाधारकाला याच कलमात सवलत दिलेली आहे, पण तिला दोन अटी आहेत. पहिली अट, विकण्याचा विचार आहे हे जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना लेखी कळवायचे, आणि त्या पत्रात बंदूक कोणाला देणार त्याचे नाव व पत्ता लिहायचा. दुसरी अट, हे कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. त्यानंतरच व्यवहार.

म्हणजे लिलावात जे नाव शेवटी कळते, ते कायद्याला दीड महिना आधी हवे असते. त्या ४५ दिवसांत घेणारा माणूस कोण, त्याच्याकडे परवाना आहे का, त्याच्यावर गुन्हे आहेत का, हे तपासायला यंत्रणेला वेळ मिळतो. ‘रात्री बारापर्यंत जास्तीत जास्त बोली’ हा प्रकार या चौकटीत बसूच शकत नाही. त्यामुळे साइट चांगली की वाईट, विश्वासू की अविश्वासू, हा प्रश्न इथे फारसा उरत नाही. अनोळखी माणसाला बोलीवर बंदूक देण्याची रीतच आपल्या कायद्यात नाही.

शिक्षा किती आहे तेही माहीत असू द्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक घेणे किंवा बाळगणे यासाठी किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कैद व दंड आहे. कलम ५ मोडून विक्री केली, किंवा तशी बंदूक मिळवली, तर किमान ७ वर्षे आणि जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. एका हंगामाच्या भातासाठी हा धोका पत्करण्यासारखा नाही, हे वेगळे सांगायला नको.

‘पण अमेरिकेत तर चालते ना?’

गावातल्या बैठकीत हा प्रश्न हमखास निघतो. कोणीतरी व्हिडिओ पाहिलेला असतो. तर तिथली खरी स्थिती अशी आहे.

अमेरिकेत पूर्वी बंदूक टपालाने मागवता येत असे. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची २२ नोव्हेंबर १९६३ रोजी हत्या झाली, ती ज्या रायफलने झाली ती ली हार्वी ओस्वाल्ड याने मासिकातली जाहिरात पाहून शिकागोच्या एका दुकानातून टपालाने मागवली होती. दुर्बिणीसह किंमत २० डॉलरपेक्षाही कमी, आणि मागवताना खोटे नाव दिलेले. पुढे १९६८ मध्ये तिथे बंदूक नियंत्रण कायदा झाला आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या सामान्य ग्राहकाला थेट बंदूक पाठवणे बंद झाले.

आता इंटरनेटवर तिथे बंदुकांच्या बोलीच्या मोठ्या साइट आहेत, हे खरे. ‘गनब्रोकर’ ही त्यातली नावाजलेली. पण बोली जिंकली म्हणून दुसऱ्या राज्यातली बंदूक कुरिअरवाला दारात आणून देत नाही. विकणारा ती घेणाऱ्याच्या गावाजवळच्या परवानाधारक दुकानदाराकडे पाठवतो. घेणारा त्या दुकानात ओळखपत्र घेऊन जातो, सरकारी फॉर्म भरतो, दुकानदार त्याची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि मगच बंदूक हातात येते. बोली ऑनलाइन, ताबा मात्र दुकानात. एकाच राज्यातल्या दोन खासगी व्यक्तींनी आपापसात व्यवहार केला तर तिथल्या केंद्रीय कायद्यात अशा तपासणीची सक्ती नाही, काही राज्यांनी ती स्वतःहून लावली आहे. या पळवाटेवरून तिकडे वर्षानुवर्षे वाद चालू आहे. ‘ईबे’ने तर १९९९ मध्येच आपल्या साइटवरून बंदुकांची विक्री बंद केली, आणि फेसबुकने जानेवारी २०१६ मध्ये खासगी व्यक्तींमधली बंदूक विक्री आपल्याकडे चालणार नाही असे जाहीर केले.

सांगायचा मुद्दा इतकाच की ज्या देशाचे उदाहरण देऊन ‘घरपोच बंदूक’ विकली जाते, त्या देशातही लांबच्या विक्रेत्याची बंदूक घरपोच येत नाही. आणि तिथल्या साइटवर बोली लावून ती भारतात मागवता येईल असे कोणी सांगत असेल तर त्याच्या नादी लागू नका. शस्त्र आयात करायला वेगळा परवाना लागतो, तो शेतीसंरक्षणाच्या नावाखाली असा सहज मिळणारा प्रकार नाही.

घरातली बंदूक विकायची असेल तर

यात तीन वेगवेगळ्या परिस्थिती येतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

पहिली सोपी. परवाना तुमच्याच नावावर आहे, मुदत चालू आहे, पण आता बंदूक नको. अशा वेळी ज्याच्याकडे त्याच प्रकारच्या बंदुकीचा परवाना आहे, किंवा तसा परवाना मंजूर होऊन खरेदी बाकी आहे, असा माणूस शोधावा. ‘त्याच प्रकारच्या’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ठासणीच्या बंदुकीच्या परवान्यावर काडतुसाची बारा बोअर घेता येत नाही. त्याचा मूळ परवाना डोळ्यांनी पाहावा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर भागवू नये. परवान्यावर युआयएन म्हणजे एकमेव ओळख क्रमांक असतो, तो राष्ट्रीय शस्त्र परवाना नोंदवहीत आहे का याची खातरजमा जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवान्याच्या शाखेत करून घ्यावी. मग वर सांगितल्याप्रमाणे लेखी कळवावे, पत्राच्या प्रतीवर पोहोच घ्यावी आणि ४५ दिवस थांबावे. व्यवहार झाल्यावर दोघांच्याही परवान्यावर नोंद होते की नाही हे स्वतः पाहावे. पुष्कळ जण इथेच ढिलाई करतात. बंदूक गेली, पैसे आले, पण कागदावर ती अजून तुमचीच. उद्या त्या बंदुकीने काही घडले तर पोलीस पहिल्यांदा तुमच्या दारात येतील.

ओळखीत कोणी नसेल तर जिल्ह्यातल्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जावे. तो बंदूक रीतसर नोंद करून घेतो. भाव कमी मिळतो, हे मान्य. शेतीसंरक्षणाच्या जुन्या बंदुकीला गिऱ्हाईकच मोजके असते, कारण परवानाधारकच मोजके असतात. नेटवर दिसणारे चढे आकडे पाहून ‘आपली पन्नास हजारांची वस्तू दुकानदार पाच हजाराला मागतो’ असे वाटून घेऊ नका. ज्या आकड्याला कायदेशीर गिऱ्हाईक नाही, तो भाव नव्हे.

दुसरी परिस्थिती सर्वांत जास्त दिसते, आणि हीच सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. परवानाधारक वारला. परवाना त्या माणसाचा असतो, घराचा किंवा शेताचा नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणून बंदूक आपोआप मुलाच्या नावावर येत नाही. कायद्याच्या कलम २१ प्रमाणे वारसांनी विनाविलंब ती बंदूक जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असते. घरातले दुःख, दहावे-बारावे, कागदपत्रांची धावपळ यात हे राहून जाते. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. मग भीती वाटू लागते की आता नेली तर विचारतील, इतके दिवस का ठेवली. आणि भीतीपोटी ती माळ्यावरच राहते. माझे मत विचाराल तर उशीर झाला असला तरी स्वतःहून जाऊन जमा करणे केव्हाही बरे. सोबत मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि विलंबाचे कारण सांगणारा साधा अर्ज द्यावा. शक्य असेल तर पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना बरोबर घ्यावे. फार वर्षे झाली असतील तर आधी वकिलाशी बोलून घ्यावे.

जमा केली म्हणजे गेली, असा एक गैरसमज आहे. तसे नाही. ठरलेल्या मुदतीच्या आत वारसाला स्वतःचा परवाना मिळाला तर बंदूक परत घेता येते, किंवा परवाना असलेल्या दुसऱ्या माणसाला विकून पैसे घेता येतात. मुदत उलटून गेली आणि काहीच केले नाही, तर मात्र ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून जमा करताना पावती घ्यावी. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, प्रकार आणि स्थिती लिहून घ्यावी, आणि मुदत किती आहे ते तिथेच विचारून ठेवावे.

मुलाला शेती करायची आहे आणि बंदूक हवी आहे, तर शस्त्र नियम, २०१६ मध्ये वारसासाठी वेगळी तरतूद आहे. वडील हयात असतानाही हे करता येते. परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा बंदूक बाळगून २५ वर्षे झाली, यातले जे आधी होईल तेव्हा तो आपल्या वारसाचे नाव सुचवू शकतो. वारसाला परवाना मिळण्याच्या बाकीच्या अटी पूर्ण कराव्याच लागतात. तरी म्हाताऱ्या माणसाने हे काम आपल्या हयातीत करून टाकले तर मागच्यांचा पुष्कळ त्रास वाचतो.

तिसरी परिस्थिती म्हणजे कागदच नाहीत. पणजोबांच्या काळची बंदूक, परवाना कुठे गेला ठाऊक नाही, नळीला गंज, घोडा तुटलेला. ‘ही तर ॲन्टिक, हिला कसला परवाना’ असे सांगून अशा बंदुका ऑनलाइन शोभेच्या वस्तू म्हणून मांडल्या जातात. कायद्यात जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा नादुरुस्त शस्त्राला सूट आहे, हे खरे. पण त्या सुटीला जोडलेली अट नीट वाचा: ते शस्त्र दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखे नसावे. माळ्यावरच्या ठासणीच्या बंदुकीचा घोडा गावातल्या लोहाराने दोन तासांत बसवून दिला तर ती चालू बंदूक आहे. ती कोणत्या बाजूला पडते हे तुम्ही किंवा साइट ठरवू शकत नाही. पोलीस ठाण्यात दाखवून रीतसर तपासून घेणे हाच मार्ग. बंदुकीवरचा कारखान्याचे नाव किंवा क्रमांक घासून काढणे, बदलणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. गंज काढताना पॉलिश पेपरने क्रमांक उडाला, असेही होते. म्हणून त्या जागेला हात लावू नका.

नवीन घ्यायची असेल तर

शेतीसंरक्षणासाठी परवान्याची तरतूद कायद्यातच आहे. कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि तेवढीने भागणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देता येते. वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. अर्ज ऑनलाइन भरता येतो. गंमत अशी की या सगळ्या प्रकरणात ऑनलाइन करण्यासारखी कायदेशीर गोष्ट हीच एक आहे! अर्जात शेत कुठे आहे, लागवडीखाली किती क्षेत्र आहे आणि कोणत्या प्राण्यांचा उपद्रव आहे हे विचारले जाते. सातबारा, पिकांची नोंद आणि पूर्वी झालेल्या नुकसानीचे वनविभागाचे पंचनामे जोडले तर अर्जाला वजन येते. तोंडी सांगितलेले ‘दरवर्षी डुकरे खातात’ हे फाइलमध्ये दिसत नाही, पंचनामा दिसतो. शस्त्र हाताळणीच्या सुरक्षित प्रशिक्षणाचा दाखला लागतो आणि बंदूक घरी सुरक्षित कुठे ठेवणार हेही लिहून द्यावे लागते. पोलीस चौकशी होते. वेळ लागतो, खेटे पडतात, नकारही येऊ शकतो. नकार आला तर तो लेखी घ्यावा, त्यावर अपील करता येते.

परवाना ५ वर्षांचा असतो. एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती, २०१९ मध्ये ती दोनवर आली, आणि वारसाने आलेल्या बंदुकाही त्यातच मोजल्या जातात.

‘घरपोच, विनापरवाना’: या जाहिरातींमागे काय असते

बहुतेक वेळा काहीच नसते. फोटो परदेशी साइटवरून उचललेले असतात. बंदुकीमागचे टेबल, गालिचा, खिडकीबाहेरची झाडे पाहिली तरी लक्षात येते की हे आपल्याकडचे घर नव्हे. बोलणारा स्वतःला निवृत्त जवान किंवा बंद पडलेल्या दुकानाचा मालक म्हणवतो. आधी थोडी आगाऊ रक्कम मागतो. मग कुरिअर, मग विमा, मग ‘गेटपास’, मग ‘परवाना काढून देण्याची फी’. प्रत्येक वेळी ‘हे शेवटचे’. पाठवलेले पैसे सोडवत नाहीत म्हणून माणूस पुढचेही भरतो. शेवटी पैसे देणे थांबवले की तोच, किंवा त्याचा साथीदार, पोलीस बनून फोन करतो: बेकायदा हत्यार मागवल्याबद्दल तुमच्यावर गुन्हा आहे, मिटवायचे असेल तर इतके टाका.

ही फसवणूक पक्की बसते कारण फसलेला माणूस बोलत नाही. बियाणे बोगस निघाले तर आपण कृषी अधिकाऱ्याकडे जातो, पण विनापरवाना बंदुकीसाठी पैसे गेले हे सांगणार कोणाला? तरीही सांगावे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त. खरे पोलीस फोनवर पैसे मागून गुन्हा मिटवत नाहीत.

कधीकधी मात्र पार्सल खरोखर येते, आणि ते जास्त धोक्याचे. आलेली वस्तू गावठी कट्टा असतो. अशा हत्याराची नळी कशाच्या पाइपची आहे हे बनवणाऱ्यालाच ठाऊक, आणि ती बार काढताना हातात फुटू शकते. शिवाय आधी कुठल्या गुन्ह्यात वापरली गेली आहे याचा पत्ता नसतो. असे काही कोणाकडे आले असेल तर ते वापरू नये, पुरू नये, दुसऱ्याला देऊ तर मुळीच नये. वकिलाचा सल्ला घेऊन लगेच पोलिसांना कळवावे.

परवानाच विकणारेही असतात. ‘दुसऱ्या राज्यातून अखिल भारतीय परवाना काढून देतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. जम्मू-काश्मीरमधून २०१२ ते २०१६ या काळात दिलेल्या शस्त्र परवान्यांत मोठा गैरव्यवहार झाल्याच्या आरोपावरून सीबीआयला चौकशी करावी लागली. परवाना हातात असूनही तो चौकशीत सापडतो, हे त्यातून दिसले.

परवाना न लागणाऱ्या वस्तूंबद्दल

एअरगन ऑनलाइन मिळते. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यापुढच्याला लागतो. घेताना बिलावर हे दोन्ही आकडे लिहून घ्या. रानडुकराला एअरगनचा छर्रा लागून काही उपयोग होत नाही, उलट जखमी डुक्कर अंगावर येते. मोरावर किंवा इतर संरक्षित पक्ष्या-प्राण्यांवर ती चालवली तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. तिथे एअरगनला परवाना लागत नव्हता हे उत्तर चालत नाही.

कार्बाइडची पाइप-बंदूक हा दुसरा प्रकार. प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये कॅल्शियम कार्बाइड आणि पाणी घातले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, ठिणगी दिली की मोठा आवाज होतो. माकडे, पक्षी पळवायला शेतकरी ती वापरतात, व्हिडिओ पाहून घरीच बनवतात. आवाज झाला नाही की माणूस वाकून पाइपमध्ये पाहतो आणि नेमक्या त्याच वेळी पेट घेतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या खेळण्याने कितीतरी मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. शेतातल्या खोपीत ती पडलेली असेल तर पोरांच्या हाती लागणार नाही, हे आजच बघा.

बंदूक असली तरी

शस्त्र परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कायदे आणि दोन वेगळी कार्यालये आहेत. पिकाचे नुकसान करणारे रानडुक्कर किंवा रोही मारायचे असेल तर वन्यजीव कायद्याखाली वनविभागाची लेखी परवानगी लागते, त्यासाठी वनक्षेत्रपालांकडे अर्ज करावा. हवेत बार काढून हाकलणे वेगळे आणि नेम धरणे वेगळे. नुकसान झाले की भरपाईचा अर्ज लगेच करावा, कारण पंचनामा ताज्या नुकसानीचाच नीट होतो. काही भागांत सौरकुंपणासाठी अनुदान आहे, त्याची चौकशी वनविभागाकडेच करावी. घरच्या लाइनची थेट वीज तारेत सोडणे मात्र कोणत्याही परिस्थितीत नको, त्यात डुकरांआधी माणसे गेली आहेत.

कृषी सहायक आणि ग्रामस्तरीय कर्मचाऱ्यांसाठी

खरिपाच्या बैठकीत रानडुकरांचा विषय निघाला की एक प्रश्न आवर्जून विचारा: कोणाच्या घरी वारलेल्या माणसाच्या नावावरची बंदूक आहे का? चारचौघांत हात वर होणार नाहीत. बैठक संपल्यावर एखादा माणूस बाजूला येऊन बोलतो. त्याला कलम २१ चा अर्थ समजावून सांगा, अर्जाचा मसुदा लिहून द्या, आणि शक्य झाले तर पोलीस ठाण्यात सोबत जा. गावात परवानाधारक किती, कोणाचा परवाना कधी संपतो, याची एक यादी पोलीस पाटलांकडून करून घेतली तर नूतनीकरण चुकत नाही.

निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना बंदुका ठाण्यात जमा करण्याच्या नोटिसा येतात. हा काळ नेमका पिकाच्या राखणीचा असला की तक्रारी होतात. कोणाची बंदूक जमा करून घ्यायची हे जिल्ह्याची छाननी समिती ठरवते. त्यामुळे ज्याला नोटीस आली आणि राखणीची खरी गरज आहे, त्याने पिकाची स्थिती आणि नुकसानीचे पंचनामे जोडून समितीकडे लेखी विनंती करावी. जमा करावीच लागली तर पावतीवर क्रमांक आणि स्थिती लिहून घ्यावी, आणि निकालानंतर आठवणीने परत आणावी. दोन-दोन वर्षे ठाण्यातच पडून गंजलेल्या बंदुका असतात, आणि मग त्या दुरुस्त करायलाही परवानाधारक कारागीरच शोधावा लागतो.